ओळख असली तरी

फोन वाजला तेव्हा मी दुसऱ्या खुणेवर होतो. फसव्या फोनची पहिली खूण घाई, दुसरी भीती, तिसरी गुपित; तिन्ही मागच्या फळ्यावर लिहिलेल्या. एकेक बोट उघडायचं आणि प्रत्येक बोटाला एक किस्सा जोडायचा, ही माझी पद्धत. वाचनालयाच्या सभागृहात चाळीसेक म्हातारी माणसं बसली होती, काहींच्या मांडीवर वह्या होत्या, आणि पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी तर समासही आखला होता. बँकेत माझं काम फसवलेल्या लोकांच्या तक्रारी लिहून घेण्याचं. शनिवारी सकाळी मात्र बँक मला अजून न फसलेल्या लोकांकडे पाठवते, आणि तिथे मी खुलतो. तक्रारीच्या टेबलावर माणसं रडत येतात, त्यांना काय शिकवणार? इथे लोक मान डोलावतात, हसतात, शेवटी टाळ्या वाजवतात. फोन वाजणंही ठरलेलंच असायचं. बरोब्बर साडेअकराला माझी ऑफिसातली सहकारी दर वेळी नव्या नंबरावरून मला फोन करायची, आवाज बदलून कधी पोलीस अधिकारी व्हायची, कधी हरवलेली भाची, आणि मी फोनचा स्पीकर लावून माइकसमोर धरायचो. म्हाताऱ्यांना वाटायचं, खरंच आला. आमचं हे नाटक तीन वर्षं चाललं होतं आणि एकदाही पडलं नव्हतं. त्या दिवशी घड्याळात अकरा पंचवीस झाले होते. पाच मिनिटं आधी, एवढंच मनात आलं. मी म्हणालो, "बघा, नाव काढलं आणि पाहुणा दारात," आणि अनोळखी नंबर सगळ्यांना दाखवून स्पीकर लावला.

"हॅलो. अरे, मी बोलतोय."

सभागृहात खसखस पिकली, कारण दहाच मिनिटांपूर्वी मी सांगितलं होतं की हे लोक कधी नाव सांगत नाहीत. 'मी बोलतोय, ओळखलंस ना' म्हणतात आणि आपणच भाबडेपणाने नाव पुरवतो. मी माइकजवळ जाऊन विचारलं, "मी म्हणजे कोण?" पलीकडे गाड्यांचा आवाज, आणि घसा खाकरल्यासारखं काही. "मी रे. बाबा." परत हशा. शेवटच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "आमचे तर कधीच गेले." त्यावर आणखी हशा. नाटक इतकं रंगलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

हे सगळं मी आता अनेकदा मनात लावून पाहिलंय, आणि दर वेळी मी स्वतःला एकेक सवलत देत जातो. पहिली सवलत, ती सहकारीच असेल असं मला वाटलं. आता ती बत्तीस वर्षांची बाई आहे आणि पलीकडचा आवाज एका थकलेल्या पुरुषाचा होता, पण ती नकला चांगल्या करते. दुसरी सवलत, स्पीकर फाटका होता. तिसरी, अशा फोनवर हुबेहूब आवाज काढणारी यंत्रं आता निघाली आहेत. ते मी त्याच सकाळी शिकवलं होतं, मग मीच कसा विसरू? या तिन्ही सवलती खऱ्या आहेत. तक्रारीच्या टेबलावर समोरच्या माणसाने त्या सांगितल्या असत्या तर मी मान्य करून अर्जावर लिहिल्या असत्या. फक्त माझ्या टेबलावर मीच बसलेला असतो, आणि मला माहीत आहे की मी बाबांना ओळखलं होतं. 'मी रे' म्हणाले तेव्हा नव्हे. त्याच्याही आधी, 'हॅलो' म्हणण्यापूर्वी ते नाकाने एक लहानसा श्वास घेतात तेव्हा.

बाबा बसखात्यात तिकीट तपासनीस होते. एकतीस वर्षं. कुठल्याही थांब्यावर चढायचे, मागून सुरुवात करायचे, आणि पाटीच्या पाटी रिकामी करावी तशी बस तपासून पुढच्या दाराने उतरायचे. त्यांना कुणाचा राग नव्हता. फुकट्यालासुद्धा 'अहो जाहो' करायचे. मी सहावीत होतो तेव्हाची गोष्ट. शाळेतून येताना आम्ही चौघे मागच्या लांब बाकावर बसलो होतो आणि माझा पास घरी दुसऱ्या चड्डीच्या खिशात राहिला होता. बाबा चढले. मित्रांनी मला कोपराने ढोसलं, तुझे बाबा, तुझे बाबा, जणू काही आता बस आमच्याच मालकीची झाली. बाबा आमच्या बाकाशी आले, तिघांचे पास पाहिले आणि माझ्यासमोर हात केला. "पास?" मी हसलो. खरंच हसलो, कारण मला ती थट्टा वाटली. "बाबा, घरी राहिला." ते तसेच उभे. "बाबा नंतर. आधी पास." पुढच्या थांब्यावर मी उतरलो आणि बस गेली. मागच्या काचेतून तिघे मित्र माझ्याकडे पाहत होते, आणि बाबा पाठमोरे, पुढच्या माणसाचं तिकीट बघत होते. दोन थांबे चालत घरी आलो. संध्याकाळी त्यांनी माझ्या दंडाची पावती टेबलावर ठेवली. स्वतःच्या खिशातून भरलेली. आई काहीतरी बोलणार होती, पण तिच्याआधी तेच म्हणाले, "ओळख असली तरी दाखवायचा. उलट ज्याची ओळख असेल त्याने आधी दाखवायचा." त्या पावतीचं मला वर्षानुवर्षं कौतुक वाटत आलं. चारचौघांत मी ती गोष्ट वडिलांच्या सचोटीची म्हणून सांगतो. लोक भारावतात. तिच्यातला तो थांबा, तिथली बसायची तुटकी फळी आणि माझे तापलेले कान हे मी कधी सांगितलं नाही. सांगितलं नाही म्हणजे विसरलो असं थोडंच आहे.

तर बाबा फोनवर बोलत होते. त्यांचं बोलणं ऐकून सभागृहातली माणसं एकमेकांकडे बघून बोटं मोजत होती. डोळ्यांच्या दवाखान्यातून निघालो, थेंब घातलेत, पाट्या वाचता येत नाहीत. (इथे कुणीतरी म्हणालं, दवाखाना आला बरं का, आणि मी भीतीचं बोट वर केलं.) पाकीट तिथेच राहिलंय बहुतेक. पासही त्यातच. माझा फोन बंद पडलाय, हा एका माणसाचा आहे. त्याच्या नंबरावर टॅक्सीपुरते पैसे पाठवतोस का? तो मला बसवून देईल. आणि हे जरा लवकर कर, त्याचं दुकान आहे, खोळंबा होतोय. मी आणखी एक बोट वर केलं. घाई. समोरच्या बाईंनी वहीत लिहिलं. बाबा थोडं खालच्या आवाजात म्हणाले, "आणि सूनबाईला नको सांगूस, उगीच काळजी करेल." मी तिसरं बोट वर केलं तेव्हा सगळं सभागृह एका सुरात म्हणालं, "गुपित!" लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, ते मी आख्खं त्या तीन बोटांवर करून दाखवत होतो.

आता मी फोन बंद करू शकत होतो. नाहीतर स्पीकर काढून कानाला लावू शकत होतो, 'एक मिनिट हं' म्हणून बाहेर जाऊ शकत होतो. चाळीस माणसं बसली होती, बसली असती. पण माझ्याकडे अजून एक हुकमी पत्ता होता, आणि तो टाकल्याशिवाय मला राहवेना. गेल्या वर्षी मी आमच्या घरात एक शब्द ठरवला होता. व्याख्यानात सगळ्यांना सांगतो तेच. घरातल्यांनी मिळून एक शब्द ठरवा, बाहेर कुणाला ठाऊक नसलेला. अडचणीचा फोन आला की आधी तो विचारा. कुठे लिहून ठेवू नका. शब्द बाबांनीच सुचवला होता. आईचं स्वयंपाकघरात बसायचं एक लाकडी स्टूल होतं, त्याचा एक पाय आखूड, म्हणून तिने त्याचं नाव 'लंगडी' ठेवलं होतं. 'माझी लंगडी आण गं,' असं ती मोलकरणीलाही म्हणायची आणि नवीन मोलकरीण घाबरायची. आई गेल्यावरही ते स्टूल बाबांच्या स्वयंपाकघरात आहे, त्यावर कुणी बसत नाही. 'लंगडी' म्हणताना त्या दिवशी जेवणाच्या टेबलाशी बाबा किती दिवसांनी हसले होते. आणि मी म्हणालो होतो, "लिहायचं नाही हं बाबा, पाठ पाहिजे." ते म्हणाले, "मला सत्तर थांबे पाठ होते."

"शब्द सांगा," मी माइकमध्ये म्हणालो.

"काय?"

"आपला घरातला शब्द. तो सांगा, मग बघू."

माणसं खुर्च्यांत पुढे झुकली. शब्दाचं मी त्यांना अजून सांगितलं नव्हतं. पलीकडून एक बस गेल्याचा आवाज आला. मग बाबा म्हणाले, "हां. तो. थांब हं." खूप वेळ गेला. "ते आपलं... हिचं... हिचं ते बसायचं. स्वयंपाकघरातलं. एक पाय आखूड. तू त्यावरून पडला होतास बघ, हनुवटी फुटली होती." माझा हात आपोआप हनुवटीकडे गेला, खूण अजून आहे तिथे. समोरच्या बाईंनी लिहायचं थांबवलं. मी म्हणालो, "वर्णन नको. शब्द." आणि ते माझ्या तोंडून त्यांच्याच आवाजात निघालं, सरळ, थंड, कसलाही राग नसलेलं. बाबा नंतर, आधी पास. मला त्या क्षणी काय वाटलं ते लिहायचं तर असं लिहावं लागेल की मला बरं वाटलं. जेमतेम दोन श्वास टिकलं ते, पण वाटलं. उघड्या रस्त्यावर उभं राहून एक म्हातारा माणूस काहीतरी आठवायचा प्रयत्न करतोय आणि हात पुढे करून मी उभा आहे, असं ते बरं वाटणं होतं. "नाही रे आठवत," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. मी फोन बंद केला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

साडेअकराला सहकारिणीचा ठरलेला फोन आला. मी तोही घेतला. त्या दिवशी ती कस्टम अधिकारी झाली होती, चांगली झाली होती, पण आधीच्या फोनापुढे ती फिकी पडली. मी उरलेलं व्याख्यान पूर्ण केलं. पंचवीस मिनिटं. प्रश्नोत्तरंही घेतली. एका आजोबांनी विचारलं, शब्द विसरला तर काय करायचं, आणि मी म्हणालो, दुसरा काहीतरी प्रश्न विचारायचा ज्याचं उत्तर फक्त घरच्यांना ठाऊक असेल. ते म्हणाले, "म्हणजे हनुवटीसारखं." मी म्हणालो, हो, तसंच काहीसं. माणसं पांगल्यावर समास आखणाऱ्या बाई माझ्याजवळ आल्या. निवृत्त परिचारिका होत्या, तसं त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं. वही छातीशी धरून त्या म्हणाल्या, "एक विचारू का, रागावू नका. ते तुमचे वडील नव्हते ना?" मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर संशय नव्हता, काळजी होती, आणि ती बहुधा माझी होती. मी म्हणालो, "छे हो. आमच्या ऑफिसातलाच माणूस. नाटक असतं ते." "हां, मग बरं," त्या म्हणाल्या. "मला आपलं वाटलं. इतका अपमान कुणी सोसत नाही हो पैशासाठी, फसवणाऱ्याने कधीच शिवी घालून फोन ठेवला असता."

जिन्यात मी त्या नंबरावर फोन लावला. एका पुरुषाने उचलला आणि मी काही बोलायच्या आत म्हणाला, "आली का आठवण?" त्याने पत्ता सांगितला. उड्डाणपुलाखाली, कुंड्यांचं दुकान, दवाखान्यापासून तिसरा थांबा. टॅक्सीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं की तिसऱ्या थांब्यावर बाबा का असतील. दवाखान्यातून निघालेली बस त्यांच्या घराच्या दारात सोडते. म्हणजे बस बरोबर पकडली होती. बसमध्ये खिसा चाचपला असेल, पास नाही हे कळलं असेल, आणि कुणी विचारायच्या आधी ते स्वतःच उतरले असतील. त्या मार्गावरच्या निम्म्या वाहकांना त्यांनी काम शिकवलेलं, एक शब्द टाकला असता तर कुणी चहा पाजून घरी सोडलं असतं. मी टॅक्सीच्या काचेला कपाळ टेकवलं. मला खात्री होती, मी तिथे पोचल्याबरोबर सगळं सांगून टाकणार. ओळखलं होतं म्हणून सांगणार, हशा कसला होता तेही सांगणार. वाक्यं जुळवून ठेवली होती. तक्रारदाराला मी नेहमी म्हणतो, आधी सगळं क्रमाने सांगून टाका, हलकं वाटतं.

मातीच्या कुंड्यांच्या उतरंडी, त्यांच्यामागे रोपं, आणि एका पालथ्या घातलेल्या मोठ्या कुंडीवर बाबा बसले होते. गुडघ्यांवर हात, डोळ्यांवर दवाखान्यातला कागदी काळा चष्मा. त्यांच्यासमोर चहाचा रिकामा पेला. कुंडीवाला एक रोप बदलत होता, त्याने हात झटकले आणि मला वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं. "तुम्हीच का ते? शब्दवाले?" मी हो म्हणालो. "शहाणे दिसता," तो म्हणाला आणि परत मातीत हात घातला. त्याला पैसे द्यायला गेलो तर म्हणाला, "राहू द्या, उगीच कुणीतरी फसवलं म्हणायचं." हे मला पुरेपूर लागलं आणि लागावं म्हणूनच तो म्हणाला होता. बाबा आवाजाच्या दिशेने वळले. "आलास? पाकीट मिळालं का रे? दवाखान्यात फोन केला होतास?" पाकिटाचं माझ्या डोक्यातच नव्हतं. मी म्हणालो, "बाबा, मघाशी—" त्यांनी हात वर केला. गर्दीच्या बसमध्ये लोकांना जरा सरका म्हणताना करायचे तसा. "बरोबर केलंस तू. ओळख असली तरी विचारायचं. मीच विसरलो, तो माझा दोष." मग माझ्या दंडाला धरून उठता उठता म्हणाले, "मागे लोक हसत होते का रे?" मी म्हणालो, "ऑफिसात कुणीतरी रेडिओ लावला होता." "मला वाटलंच," बाबा म्हणाले.

रात्री जेवताना बायकोला सगळं सांगितलं. व्याख्यानाचं, बोटांचं, परिचारिकेचं, सगळं क्रमाने. ती माझ्या ताटात वाढायची थांबली. "त्यांना सांगितलंस, की तू ओळखलं होतंस?" मी मान हलवली. "मग मला कशाला सांगतोस?" ती म्हणाली. तिचंही खरं होतं. क्रमाने सांगितलं तरी हलकं वाटत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं मी लोकांना थाप मारत होतो.

दुसऱ्या दिवशी बाबांचा फोन आला. त्यांच्याच नंबरावरून, माझ्या फोनवर त्यांचा फोटोही उमटला होता, टोपी घातलेला. "लंगडी," ते म्हणाले. मग म्हणाले, "मी बोलतोय. पाकीट मिळालं." मी म्हणालो, बाबा, तुमच्या नंबरावरून केलात तर शब्दाची गरज नाही. ते म्हणाले, "असू दे. ज्याची ओळख असेल त्याने आधी." तेव्हापासून रोज सकाळी दहा वाजता, मी ऑफिसात खुर्चीवर बसतो न बसतो तोच फोन येतो. लंगडी, मी बोलतोय, आज पाणी कमी दाबाने आलं. लंगडी, मी बोलतोय, खालच्या मजल्यावरचे लोक घर सोडून चालले. कधी काहीच सांगायचं नसतं, नुसता शब्द, आणि मग ते थांबतात, मी 'बरोबर' म्हणेपर्यंत. हजेरीला उभं राहिलेल्या माणसासारखा तो आवाज. माझ्या लक्षात आलं की हे पाठांतर आहे. सत्तर थांबे गळून चाललेत, कुठून कुठे ते त्यांनाही ठाऊक नाही, आणि हा एक थांबा त्यांना काही झालं तरी सोडायचा नाही, कारण पुन्हा कधी रस्त्यावर उभं राहायची वेळ आली तर मुलगा विचारणार. 'बंद करा ते' म्हणायला मी कितीदा तोंड उघडलं. पण बंद करा म्हणायचं तर का ते सांगावं लागतं. शनिवारची व्याख्यानं मी दुसऱ्याकडे सोपवली. साहेबांनी कारण विचारलं तेव्हा घसा बसतो म्हणालो.

असे दोन महिने गेले. काल दहाला फोन वाजला. नाकाने घेतलेला तो लहानसा श्वास ऐकू आला, आणि मग बाबा नेहमीच्या ठसक्यात म्हणाले, "कुंडी."

माझ्यासमोर एक तक्रारदार बसला होता, त्याचा अर्ज अर्धवट भरलेला होता. मी पेन खाली ठेवलं. एवढ्या घरातून, एवढ्या वर्षांतून, आईच्या स्टुलावरून निघून ते जिथे जाऊन बसले होते ती जागा मला समोर दिसली. काळा कागदी चष्मा, गुडघ्यांवर हात. त्यांना शब्द आठवत नव्हता. तो विचारला गेला होता तेवढं आठवत होतं. पलीकडे ते थांबले होते. नियमाप्रमाणे काय करायला हवं ते मला पाठ आहे. चुकीचा शब्द आला तर बोलणं तिथेच संपवायचं, मग समोरचा कुणी का असेना.

"बरोबर," मी म्हणालो.

"एवढा वेळ लागतो होय रे तुला?" बाबा हसले. "विसरला होतास की काय?"

"हो बाबा. विसरलो होतो."

ते आवाज खाली आणून म्हणाले, "लिहून ठेव कुठेतरी. मी नाही सांगणार कुणाला."